छापलेलं माहेर

अंकितानं पानावर बोट टेकवलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

"'वर्षालीच्या माहेरी मायेला तोटा नव्हता. पण या गुणी लेकीनं सासरचा छळ माहेरी कधी कळूच दिला नाही.'"

"थांब," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे कोनाच्या घरचं लिहून राह्यला तो?"

"आपल्याच, माय."

रोहणा गावातल्या त्या घरावर कुणी पुस्तक लिहील, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. थोरल्या वर्षालीला नवऱ्यानं गळा दाबून मारलं, त्याला जन्मठेप झाली, आणि एका लेखकानं त्या खुनाचं जाडजूड पुस्तक काढलं. लिहिलं मात्र भारी गोड, बुवा! मनकर्णाबाईंना वाचता येत नाही, म्हणून धाकटी अंकिता सिंदी मेघे या गावच्या सासरहून मुद्दाम आली होती.

"खोटं हाय. पोरगी आलती. पाठीवरचे वळ दाखवले तिनं मले. पन तुले पाहाले पाहुने येनार होते. नांदती पोरगी माहेरी येऊन बसली, हे त्यायले दिसलं असतं तं तुह्यं जमलं नसतं. मीच तिची ओटी भरली अन् सासरी धाडाले आर्वीच्या गाडीत बसवून देलं. चौथ्या दिवशी..."

अंकितानं पान उलटलं, वाचलं मात्र नाही.

"सारं सांगतलं होतं मी त्याले. म्हटलं, माह्या नावानिशी छाप बाप्पा. वाचून एखादी माय तरी पोरीले परत धाडनार नाई. काऊन गाळलं त्यानं? लाव त्याले फोन."

अंकितानं मोबाइल उचलला आणि मांडीवर पालथा ठेवला.

"लाव ना वं."

"मीच सांगतलं त्याले, गाळा म्हनून." तिला रडू फुटलं. "माह्यासाठी ताईले परत धाडलं, हे सासरी कळलं असतं तं मले जगू देलं असतं काय कोनी? हात जोडले मी त्याच्यापुढं, माय."

रागावायचं कुणावर तेच मनकर्णाबाईंना कळेना. मग त्यांनी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचललं, पदरानं पुसलं, तिच्या पिशवीत घातलं आणि चेन ओढून घेतली.

"सासूले वाचून दाखवजो," त्या म्हणाल्या. "पुस्तकातलं माहेर चांगलं निघालं तुह्यं."