फक्त पाव फेरा

मी बोलतेय, म्हणजे आज इंजिन सुरू झालंय असं समजा. मी एक स्पोर्ट्स कार आहे. लाल रंग, दोनच सीटा, वर कापडी टप. वेगाचं म्हणाल, तर माझा आजवरचा सगळ्यात वेगवान प्रवास टो ट्रकच्या पाठीवरून झालाय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

यॉर्कशायरमधल्या ऑटली गावात क्लिफर्डने मला आणलं, तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको डोरीन मला पाहून हसली होती. पुढे वर्षानुवर्षं ती मला काय काय म्हणाली, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

दर उन्हाळ्यात त्यांचं व्हिटबीला, समुद्रावर जायचं ठरायचं. डोरीन सँडविच बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून माझ्यात येऊन बसायची. नेमका तेव्हाच क्लिफर्ड शेडमधून स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचा. "फक्त पाव फेरा, डोरीन. चहाचं पाणी उकळायच्या आत होतंय." मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या माझ्या दोन कार्बोरेटरांचे स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. चालत्या वस्तूत बोट घातल्याशिवाय इथल्या पुरुषांचा शनिवार साजराच होत नाही. अंगणात मी झकास गुरगुरायचे. माळावरचा चढ लागला की खोकायचे, जरा कण्हायचे आणि बसकण मारायचे. व्हिटबीचं मी नाव तेवढं ऐकून होते.

मागच्या हिवाळ्यात क्लिफर्ड गेला आणि मी त्याच्या मुलीच्या, हेदरच्या वाट्याला आले. डोरीनने तिला स्वच्छ सांगितलं, "हॅरोगेटचा एकजण हिचे सुटे भाग काढून न्यायला तयार आहे. देऊन टाक."

"आई, बाबांची गाडी आहे ती."

"म्हणून तर म्हणते. आमच्या तिघांत वेळेवर चालणारी मी एकटीच होते."

"एकदा व्हिटबीला नेऊन आणते तुला. वाटेत ट्रक बोलवावा लागला, तर सोमवारी मीच त्या हॅरोगेटवाल्याला किल्ली देते."

डोरीन "बघू" म्हणाली आणि माझं तेल गळलं. तसं ते रोजच गळतं, पण त्या दिवशी भीतीने गळलं.

हेदर शाळेत गणित शिकवते. शेवटची पायरी आधी केलेली तिला खपत नाही. तिने कार्बोरेटरांना हातच लावला नाही. आधी व्हॉल्व्हची फट मोजून नीट केली, प्लग बदलले आणि मग ठिणगी इतकी मरतुकडी का, ते शोधायला लागली. शोधता शोधता बॅटरीची अर्थिंगची तार तिच्या हातात आली. हिरवीगार, कुजलेली. आतल्या चार तंतूंवर माझा संसार चालला होता! आणि बिचारा क्लिफर्ड जन्मभर पेट्रोल कमीजास्त करत बसला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मला आपलं वाटायचं, आपण खानदानी, आपली प्रकृतीच नाजूक. निघालं काय, तर गंज. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर हात जोडून सांगते, आधी तार बघा.

तार, ठिणगी पाडणारे पॉइंट्स, रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा, सगळं नवं आलं. अगदी शेवटी हेदरने नळीचं एक टोक कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरांचा श्वास ऐकला, सारखा केला आणि स्क्रूड्रायव्हर घरात नेऊन ठेवला.

शनिवारी डोरीन येऊन बसली.

"हे चालायचे बूट कशाला घातलेस?" हेदरने विचारलं.

"अनुभव आहे म्हणून."

चढ आला. मला तर खोकायची इतकी सवय, की खोकला येत नाहीये याचीच धास्ती वाटत होती. पण चढ संपला, उतार लागला आणि समोर समुद्र दिसला. बसने डोरीन तिथे कैकदा आली होती, माझ्यातून पहिल्यांदाच. तिने मासा आणि बटाट्याचे चिप्स खाल्ले आणि "मीठ जास्त झालंय" म्हणाली. म्हणजे आवडलं होतं.

परतताना माळावर रस्त्याकडेला एक मोकळी जागा आहे. तिथे डोरीन म्हणाली, "थांब."

हेदरने कान टवकारले. "काय झालं? कसला आवाज आला?"

"कसलाच नाही. थांब म्हटलं ना."

हेदरने मला बंद केलं. डोरीनने थर्मासमधून चहा ओतला. "इथेच बंद पडायची ही मेली. घरी तुझा बाप शेडमध्ये आणि मी स्वयंपाकघरात. ट्रक येईपर्यंत काय बोलायचो तेवढंच. तू होणार हेही त्याला मी इथेच सांगितलं."

"मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणाला, पण हिला मागे सीट नाहीये."

दोघी हसत सुटल्या. हसता हसता डोरीन रडायला लागली. "फार आठवतो गं मला तो," ती म्हणाली. हेदरने तिचा हात धरला. मी इतकी वर्षं या दोघांचा खोळंबा केला म्हणून शरमत होते, मला काय ठाऊक.

डोळे पुसून डोरीन म्हणाली, "त्या हॅरोगेटवाल्याला नाही म्हणून कळव."

वारा सुटला होता. निघावं म्हणून हेदरने किल्ली फिरवली आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले. आता शाबासकी मिळणार म्हणून मी अंमळ जोरातच गुरगुरले.

डोरीनच्या हातातला कप अजून अर्धा होता. "लगेच झाली की सुरू," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

हेदरने तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली मागे फिरवून मला बंद केलं.

"चहा घे सावकाश, आई. ट्रक यायला अजून वेळ आहे."