डाव्या खणातला शिक्का

माझ्या अंगावर दोनच अक्षरं आहेत, तीही उलटी. कागदावर टेकलो की सुलट होतात आणि वाचता येतं, 'रद्द'. मी लाकडी मुठीचा रबरी शिक्का. आता मूठ चिरली आहे, रबर कडक झालंय. एक गोष्ट मनात सलते, ती सांगून टाकतो.

एका शिक्केवाल्याने मला घडवलं आणि माझी रवानगी आरोग्य खात्यातल्या बदल्यांच्या टेबलावर झाली. तिथले कारकून मोठे टापटिपीचे. सगळे त्यांना नाना म्हणत. टेबलाच्या उजव्या खणात 'आदेश', 'मंजूर', 'नियुक्ती' असे रुबाबदार शिक्के. डाव्या खणात त्यांचे विरुद्धार्थी, 'नामंजूर', 'बडतर्फ' आणि मी. नाना थट्टेने म्हणायचे, "उजवा खण सासरी धाडतो, डावा माहेरी आणतो."

माझ्या त्या दोन शेजाऱ्यांना हे मुळीच लागू नव्हतं, पण मला होतं. माझा ठसा उमटला की कुणाचं तरी बांधलेलं सामान पुन्हा सोडलं जायचं. आदेशाच्या उलट विनंती, असं शाळेत शिकवतात म्हणे. विनंत्या तर टेबलावर ढिगाने पडून असत. आदेशाच्या उलट मी, अशी माझी समजूत होती. थोडा शेफारलोच होतो म्हणा ना.

एकदा एक नर्सताई आल्या. त्यांची लांबच्या गावी बदली निघाली होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, बघणारं दुसरं कुणी नाही.

"नाना, एवढी थांबली तर बघा हो."

"साहेबांच्या कानावर घालतो, ताई. तुम्ही घोर लावून घेऊ नका."

नानांनी शब्द टाकला आणि साहेबांनी बदली रद्द केली. आदेशाच्या दोन प्रती होत्या, एक फाइलची, एक ताईंच्या दवाखान्यात जायची. दोन्हींवर मला उमटायचं होतं. नानांनी सवयीप्रमाणे मला आधी रद्दी कागदावर दोनदा उमटवून पाहिलं, मग फाइलच्या प्रतीवर ठसठशीत मारलं. दुसरी प्रत पुढे ओढली आणि आत साहेबांची घंटा वाजली. मला शाईच्या पॅडवर तसंच ठेवून नाना उठले.

ते परत येईपर्यंत शिपायाने टेबलावरचं टपाल त्या प्रतीसकट उचलून नेलं होतं. फाइलमधला माझा ठसा पाहून नानांना वाटलं, काम झालं. मला ठाऊक होतं, झालं नाही. पण मला सांगता येईना.

दीड महिन्याने ताई आल्या. माझा ठसा नसलेला तो आदेश त्यांनी टेबलावर ठेवला.

"मला वाटलं, साहेबांनी ऐकलं नाही. हजर झाले तिकडे. बाबा तिसऱ्या आठवड्यात गेले. शेवटचं पाणी शेजारणीने पाजलं."

नानांना फाइल लपवता आली असती. त्यांनी ती उघडून ताईंपुढे सरकवली.

"चूक माझी आहे, ताई. साहेबांनी ऐकलं होतं."

ताईंनी माझ्या ठशाखालची तारीख वाचली, पुन्हा वाचली. मग डाव्या खणातून मला स्वतःच उचललं, पॅडवर टेकवलं आणि आपल्या कागदावर हलक्या हाताने दाबलं, जखमेवर पट्टी बसवतात तसं. रागाने आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला. कागदाची घडी करून त्या निघून गेल्या.

त्यानंतर नानांनी मला कधी हातात धरलं नाही. 'रद्द' ते पेनाने लिहीत आणि ती प्रत स्वतः नेऊन देत, दोन बस बदलाव्या लागल्या तरी. निवृत्तीच्या दिवशी मात्र त्यांनी मला बाहेर काढलं, टाचणीने अक्षरांतली सुकलेली शाई कोरून काढली आणि परत ठेवून खण लावला.

आता त्या टेबलावर संगणक आहे आणि मी अजून त्याच खणात आहे. एवढंच सांगतो. आदेश कसाही जाऊन पोहोचतो, सुटका मात्र कुणीतरी नेऊन द्यावी लागते. तुमच्या हाती कुणाची असेल, तर घंटा वाजू द्या, आधी तेवढी देऊन या.