पहिली दहा पावलं

टाचेच्या दुखण्याने कुणी मरत नाही. माझी सिएनीही त्याने गेली नाही. चर्चमध्ये गाण्याच्या तालमीत तिचं हृदय बंद पडलं. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही माझी समजूत घालायला याल, आणि मला ती नकोय.

दोन वर्षं तिची उजवी टाच दुखत होती. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की काच रुतल्यासारखी कळवळायची. आपिआ शहरातल्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मिरियामाबाईंनी टाच दाबून पाहिली.

"सुई नको, सुरी नको," त्या म्हणाल्या. "पण रोज करावं लागेल. तळपायाखाली बर्फाची बाटली फिरवा, खांबाला धरून पोटऱ्या ताणा, घरातही मऊ चप्पल घाला. आणि सकाळी पाय खाली टाकायच्या आधी बोटं मागे ओढून तीस आकडे मोजेपर्यंत धरायची. तीनदा. तीन महिने."

घरात चप्पल म्हटल्यावर सिएनी हसलीच. चटईवर चप्पल घालून फिरणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायचीय. बाकी सगळं तिने कबूल केलं, पण पोट आड येऊन तिचा हात बोटांपर्यंत पोचेना. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

रोज सकाळी मी तिच्या पायाशी बसायचो, खोबरेल लावायचो आणि बोटं ओढून मोजायचो.

"पेसामिनो, लबाडा, वीसच झाले."

"तीस झाले! तुला मोजता येत नाही."

"चर्चमध्ये ठेका कोण धरतं, तू का मी? चल, पुन्हा."

सहाव्या आठवड्यात ती न लंगडता चुलीपर्यंत गेली. मी शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं.

आठव्या आठवड्यात मला पदवी मिळाली. मी मताई झालो, घराण्याचा प्रमुख. सभेत ज्याची पाठ मानाच्या खांबाला टेकते, तो कुणाच्या पायाशी बसत नाही. आमच्या घराला भिंती नाहीत; जाणाऱ्या-येणाऱ्याला सगळं दिसतं. तिसऱ्याच दिवशी माझा चुलतभाऊ इउलियो रस्त्यावरून ओरडला, "काय मताई, पदवी डोक्यावर घेतलीत की बायकोच्या टाचेखाली ठेवलीत?" बरोबरचे चारजण खो-खो हसले. माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी मी बसलो नाही.

"राहू द्या," सिएनीच म्हणाली. "बरी झालीय टाच. आता तुम्ही मोठे झालात." तोवर तिने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

त्यानंतर मी उठायचो तेव्हा ती कोको ओतत असायची, चालणं अगदी सरळ. बरी झाली, असं मी धरून चाललो. तसं धरणं माझ्या सोयीचं होतं. पाच महिने असेच गेले.

मग ती गेली. बायकांनी तिला आंघोळ घालून घराच्या मधोमध चटयांवर निजवलं. सून फुआतिनो तिचं अंथरूण आवरत होती. उशीखाली तिला माझ्या जुन्या लुंगीची लांब पट्टी सापडली, टोकाला फास केलेली.

"हे काय गं?" मी विचारलं.

फुआतिनोला रडू आवरेना. "आई रोज तुमच्या आधी उठायच्या. हे पायात अडकवून ओढायच्या, पण नीट जमायचं नाही त्यांना. मग ओठ दाबून, खांब धरून चालायच्या. म्हणायच्या, पहिली दहा पावलं त्यांना दिसायला नकोत. दिसली तर ते पुन्हा पायाशी बसतील आणि गाव हसेल."

 मूर्ख म्हातारा मी.

आमच्या रीतीप्रमाणे घरासमोरच तिच्यासाठी खड्डा खणून झाला होता. मताई आपापल्या खांबाशी बसले होते, माझा खांब रिकामा होता. मी सगळ्यांदेखत सिएनीच्या पायाशी जाऊन बसलो आणि तिच्यावर पांघरलेली चटई पायांवरून वर केली.

इउलियो खाकरला. "मताई, तुमची जागा इकडे आहे."

मी हातावर खोबरेल घेतलं, ते टाचेला चोळलं आणि बोटं धरली. ती गार होती, वाकत नव्हती. मी मोठ्याने मोजू लागलो. गाव ऐकत होतं, कुणी हसलं नाही. तीस झाले तेव्हा मी थांबून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

मग पुन्हा एकपासून सुरुवात केली. या खेपेला घाई केली नाही.