प्रेरणास्थान

फ्लेक्सवर बाबा हसत होते. बाबा फोटोत कधीच हसले नव्हते. प्रितेशने दुकानात सांगून ते हसू करवून घेतलं होतं. वर ‘प्रेरणास्थान’ असं मोठ्या अक्षरांत, त्याखाली ‘कै. महादेव’, आणि कोपऱ्यात हात जोडून उभा प्रितेश, बाबांपेक्षा जरा मोठाच. तळाशी घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं होती. अगदी अजून शाळेत न गेलेल्या पुतण्याचंसुद्धा.

प्रितेश माझा चुलतभाऊ. उलव्याकडची जमीन विकल्यापासून तो बांधकामात आहे, आणि पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं त्याच्या मनात आहे. मॅरेथॉनच्या आदल्या संध्याकाळी त्याने आमच्या घरी येऊन तो फ्लेक्स आधी मोबाइलवर दाखवला. बाबांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

‘गल्लीच्या तोंडाशी लावलाय, ताई. तुझा रूट तिथूनच जातो. पोरं टी-शर्ट घालून उभी राहणार. तू फक्त एक मिनिट थांब, काकांना हार घाल, हात जोड. व्हिडिओ घेतील. मग जा पळत.’

‘बाबा माझी एकही शर्यत बघायला आले नव्हते.’

‘ते लोकांना कुठं माहितीये?’

‘मला माहिती आहे.’

‘तू पण ना, ताई. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं.’

मी चांगलंच बोलत होते. रविवारी पहाटे मी बुटांच्या नाड्या बांधायला बसले की बाबा पेपरातून डोकं न काढता विचारत, ‘कोण लागलंय मागं?’ तीन वर्षं, दर रविवारी, तोच प्रश्न. मला तोच माणूस आठवायचा होता. फ्लेक्सवरचा हा हसरा, प्रेरणा देणारा गृहस्थ मला ओळखीचा नव्हता.

प्रेरणा वगैरे शब्द वापरायचाच तर तो आईसाठी होता. तीन वर्षं तलावाच्या कठड्यापाशी कोकम सरबताची बाटली घेऊन ती उभी राहायची. माझा दम कुठे तुटतो हे माझ्याआधी तिला कळायचं. शर्यत कुठलीही असो, ती रस्त्याच्या कडेला असायची आणि चारचौघांत माझ्यावर ओरडायची.

‘आई कुठे उभी राहणार?’ मी विचारलं.

प्रितेशने गुणाबाईंकडे पाहिलं. गुणाबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. तेराव्याला बेलपाड्याहून आली होती, ती आईच्या सोबतीला राहिली होती.

‘ती कशी येईल गो?’ आत्या म्हणाली. ‘सव्वा महिना झाला नाय अजून. तिच्या म्हायेरची येतील, साडी नेसवतील, देवळात नेतील. मंग फिरूं दे कुठं फिरायचं त्ये. तवर उंबरा वलांडायचा नाय.’

‘आई, तू सांग.’

आई खाली बसून वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही. ‘लवकर उठायचंय तुला,’ ती म्हणाली. ‘जेवून घे.’

मला पदक नको होतं. वेळेची फिकीर नव्हती. आई रस्त्यावर हवी होती, एवढंच. जिथे ती इतकी वर्षं उभी राहिली तिथून तिला उचलून घरात ठेवायची आणि तिच्या जागी बाबांचं खोटं हसू टांगायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. सकाळी निघताना मी आईला म्हटलं, ‘तू दिसली नाहीस तर मी पुढे जाणार नाही.’ तिने दार लावून घेतलं.

शर्यतीचा मार्ग आमच्या गल्लीशी येतो तो शेवटच्या टप्प्यात, पाय परके वाटायला लागतात तेव्हा. लांबूनच पांढरे टी-शर्ट दिसले. प्रत्येकाच्या छातीवर बाबा हसत होते.

‘आली, ताई आली! घ्या रे, घ्या!’ प्रितेश ओरडला. कोणीतरी माझ्यापुढे झेंडूचा हार धरला.

‘आई कुठंय?’

‘अगं ताई, इकडे बघ, मोबाइलकडे...’

मी वळले आणि गल्लीत शिरले.

‘मॅडम, रूट सरळ आहे!’ शिट्टी गळ्यात घातलेली एक मुलगी ओरडली.

‘माहीत आहे.’

‘ताई! पळून कुठं चाललीस?’

‘बाथरूमला असेल रे,’ त्यांच्यातला कोणीतरी म्हणाला.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. जिना चढताना मी कठडा धरून स्वतःला वर ओढलं. दार उघडं होतं आणि दारातच खुर्ची टाकून आत्या बसली होती. तिच्या मागे आई उभी. साडी बदललेली, पदर खोचलेला, हातात भरलेली बाटली. ती बऱ्याच वेळापासून तशी उभी असावी.

‘शर्यत सोडून आलीस?’ आई कडाडली.

‘सांगितलं होतं तुला.’

‘अक्कल आहे का? पाय थंड पडतील आता.’

‘मग लवकर चल.’

‘चंद्रे,’ आत्या म्हणाली, खुर्चीतून न हलता. ‘ही पोर येडी हाय. तू नको येडी होऊ. लोक नावं ठेवतील.’

‘ठेवू देत, वन्सं. तिकडे बोर्डावर सगळ्यांची नावं आहेत, माझंच तेवढं नाही. कोणीतरी ठेवलं तर बरंच होईल.’

आईला असं बोलताना आत्याने कधी ऐकलं नसावं. मीही नव्हतं ऐकलं.

‘मी काय सांगू लोकांना?’ आत्या म्हणाली.

‘सांगा, ऐकत नाय म्हणून.’

आत्या उठली. खुर्ची भिंतीला लावली. ‘चप्पल तरी घाल,’ ती म्हणाली. ‘निघाली तशीच.’

आम्ही खाली आलो. आई पुढे, मी मागे लंगडत. शेजारच्या इमारतीच्या गॅलरीत दोघीजणी बोलायच्या थांबल्या. कोपऱ्यावर प्रितेशचा चेहरा आधी पडला, मग लगेच सावरला.

‘काकी, तुम्ही! या, या. इथं मधे उभ्या राहा, फ्लेक्सजवळ. ए, काकीला जागा द्या रे.’

आईने फ्लेक्सकडे पाहिलं. नवऱ्याच्या त्या हसण्याकडे जरा वेळ पाहत राहिली.

‘हे कोण?’ तिने विचारलं.

आई रस्ता ओलांडून पलीकडे गेली, बंद दुकानाच्या पायरीवर चढली. ‘मी इकडेच बरी,’ ती तिथून म्हणाली. ‘तिकडून वळण दिसत नाही.’

जिथून मार्ग सोडला होता तिथेच मी परत उभी राहिले. शिट्टीवाली मुलगी कावरीबावरी झाली होती. ‘मॅडम, तुम्ही मधेच गेलात. तुमचं टायमिंग धरणार नाहीत बहुतेक.’

‘नका धरू.’

‘ताई, हार तरी घाल,’ प्रितेश म्हणाला. आता त्याचा आवाज खरंच केविलवाणा होता. ‘काका होते माझे.’

‘मग तू घाल,’ मी म्हटलं.

पायांत गोळे आले होते. पहिली पावलं लाकडी पडली. पलीकडून आईने बाटली पुढे केली, मी दोन घोट घेतले.

‘बघतेस काय? जा!’

मी गेले. तलावाच्या वळणावर पोचले तरी मागून तिचा आवाज येत होता. आधी मला वाटलं, माझ्यासाठीच. मग शब्द कळले. माझ्याही मागून रखडत येणाऱ्या कुणा अनोळखी माणसाला ती ओरडून सांगत होती, ‘चला, चला हो, थांबू नका! पुढे उतार आहे!’