काळा क्रॉस

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना अख्खा बाजार 'भिंगताई' म्हणायचा. त्यात निम्मं कौतुक आणि निम्मी चेष्टा होती. चष्मे त्या पोटासाठी विकायच्या. जीव सगळा जुन्या जर्मन लष्करी पदकांत. काउंटरमागच्या वरच्या खणांत काचा आणि खालच्या खणांत पदकं. खालच्या खणाला कुणी हात लावला, की गिऱ्हाईक कितीही जुनं असो, त्या खेकसायच्याच. नवं पदक हाती आलं की ते कुठलं, कधीचं आणि कुणाचं हे कळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नसे.

त्या दिवशी समोरचा बेकरीवाला रुमालात बांधून एक क्रॉस घेऊन आला. क्रॉस नुसता चकचकत होता. त्याची आई मूळची जर्मन, लग्न करून इकडं आलेली; तिच्या वडिलांचं, म्हणजे पहिल्या महायुद्धात जर्मन फौजेत लढता लढता गेलेल्या त्याच्या आजोबांचं हे शौर्यपदक. आता फ्रेम करून बेकरीत लावायचं, तर खाली काय लिहायचं ते ताईंनी सांगावं. आजी मोठी खुनशी होती म्हणे. नवऱ्याच्या पदकावर असायच्या त्या धातूच्या छोट्या तलवारी तिनं तोडून टाकल्या आणि वर काळा रंग फासला, असं त्याची आई जन्मभर सांगत आली होती. बेकरीवाल्यानं तो रंग तारेच्या ब्रशनं खरवडून काढला होता. एवढं सांगून तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

ताईंनी कपाळाला हात लावला. पदक घासणाऱ्याला त्यांच्या दरबारी माफी नव्हती. पण शिव्या ओठांवर आल्या त्या तिथंच राहिल्या, कारण हिशेब जुळत नव्हता. क्रॉसवर १९१४ आणि १९१८ असे आकडे होते. त्या आकड्यांवर भलेभले फसतात. ते आकडे लढाईचे, पदकाचे नव्हेत. हा क्रॉस निघाला तोच मुळी १९३४ साली, आणि तो जिवंत परतलेल्यांसाठी होता. लढलेल्याला तलवारींसकट, बाकीच्यांना तलवारींविना, आणि दोन्ही ब्राँझच्या रंगाचे. रणात मेलेल्या आजोबांना तो मिळणार कुठून?

तिसराही एक प्रकार होता. बिनतलवारीचा, काळा. तो मेलेल्यांच्या बायकांना आणि आईबापांना मिळायचा.

ताईंनी हे सांगितल्यावर बेकरीवाल्याचा चेहरा पडला. म्हणाला, "ताई, नुसतं 'शौर्यपदक' लिहा ना. कुणाचं काय बिघडतंय?"

"तुझ्या आजीचं बिघडतंय," ताई म्हणाल्या. "न केलेलं पाप तिच्या माथी मारलंय तुम्ही."

त्यानं गयावया केली. आई थकली होती, जुनी खपली कशाला काढायची? पण ताईंनी एकदा मनावर घेतलं की त्यांना अडवायची कुणाची टाप नव्हती. मात्र नुसत्या अंदाजावर त्या बोलणार नव्हत्या. त्यांनी दुकानाचं दार लोटलं, खिडकीशी बसून भिंग डोळ्याला लावलं. स्क्रू उचलायच्या लोहचुंबकाला क्रॉस चटकन चिकटला, म्हणजे आत लोखंड. तलवारी तोडल्या असत्या तर क्रॉसच्या हातांमधल्या बेचक्यांत त्यांचे खुंट राहिले असते, निदान कानशीचे ओरखडे तरी. चारही बेचकी गुळगुळीत होती. पानांच्या नक्षीत, जिथं ब्रश पोचला नव्हता, तिथं लाखेचा काळा रंग टिकून होता. सुईच्या टोकानं त्यांनी एका कडेला तो जरासा उचलून बघितला. खाली ब्राँझचा मागमूस नव्हता, थेट लोखंड. मग मात्र त्यांनी बेकरीवाल्याला पुढं घातलं आणि त्याच्या घरी गेल्या.

म्हातारी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. ताईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. काकू, हे पदक तुमच्या वडिलांचं नाही. ते तुमच्या आईचं, विधवा म्हणून तिला मिळालेलं. त्यासाठी तिनं अर्ज केला असणार. ते काळंच घडवलं होतं.

म्हातारीनं भिंग मागून घेतलं. खिडकीकडे तोंड करून ती क्रॉस फिरवत राहिली. बेकरीवाला म्हणाला, "जाऊ दे आई, झालं ते झालं," तर तिनं त्याला हातानंच गप्प केलं.

"मी तेव्हा परगावी नोकरीला होते," ती ताईंना म्हणाली. "मैत्रिणींच्या वडिलांचे क्रॉस बघितलेले, तलवारीवाले. सुट्टीत घरी आले तर आमच्याकडे हे असं. तिला विचारलं, तर म्हणाली, असाच आलाय गं तो. मी तिला खोटारडी म्हटलं. पुन्हा त्या घराची पायरी चढले नाही. तिच्या मातीलासुद्धा गेले नाही. तिच्यामागं पदक टपालानं आलं माझ्याकडे."

ती रडली. ताईंना वाटलं, आपण उगाच आलो का? पण म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि लेकाकडे वळली.

"घे लिहून. खाली माझ्या आईचं नाव येऊ दे."

बेकरीवाल्यानं खिशातून पेन काढलं, मग घुटमळला. आईच्या तोंडून आजीला 'ती बाई' यापलीकडे काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "आजीचं नाव काय होतं?"