कारणाचा रकाना

शाळेच्या दवाखान्यातल्या इजा नोंदवहीवर विश्वास ठेवायचा म्हटलं, तर शाळेचा मागचा जिना हा शहरातला सगळ्यात घातकी जिना होता. वर्षभरात त्यावरून अडुसष्ट मुलं पडली होती. कोणाचं नाक फुटलं, कोणाचा दात गेला, एकाच्या पाठीवर तर पट्ट्याच्या बकलाचा वळ उमटला होता. पण वहीप्रमाणे तोही पडलाच होता. शेवटी वरच्या ऑफिसनं काळजीपोटी एक माणूस पाठवला. त्यानं टेप लावून पायऱ्या मोजल्या, मान हलवली आणि आठवड्याभरात प्रत्येक पायरीला रबराची पट्टी ठोकून दिली. सिस्टर दारात उभ्या राहून ते काम बघत होत्या. हसावं की रडावं, त्यांना कळेना.

कारण नोंदी त्यांच्याच हातच्या होत्या. अडीच हजार मुलांच्या त्या सरकारी शाळेत त्या अकरा वर्षं नर्स होत्या. एक खाट, एक कपाट, बर्फापुरता फ्रिज आणि ही वही, एवढा त्यांचा संसार. वहीचा शेवटचा रकाना ‘कारण’. त्यात वर्षाला पंचवीसपेक्षा जास्त वेळा ‘मारामारी’ आलं, की शाळा धोकादायक शाळांच्या यादीत जायची. मग बदल्या, मग तुकड्या बंद. हे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पहिल्याच वर्षी चहा पाजून समजावलं होतं. “खोटं लिहा असं मी म्हणत नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “पण मारताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का?” पाहिलं नव्हतं. सिस्टर भित्र्या नव्हत्या, पण वादाला कंटाळणाऱ्या होत्या, आणि अशा माणसाकडून काहीही करून घेता येतं.

नववीतली लंबू पहिल्यांदा आली तेव्हा तिचा ओठ फाटला होता. वर्गात सगळ्यांत उंच आणि काडीसारखी, म्हणून सगळी शाळा तिला लंबू म्हणायची. तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं, “दहावीतल्या तिघींनी बाथरूममध्ये मारलं. मी मैदानात बॉसच्या बाकावर बसले म्हणून.” बॉस म्हणजे त्या तिघींची म्होरकी. तिला मास्तरसुद्धा दबकून असत.

सिस्टरनी कापूस बाजूला ठेवला. “अगं, नाव घेतलंस तर उद्या गेटबाहेर गाठतील तुला. पडले म्हण. आणि माझ्या मागे चौकशी लागली तर माझी नोकरी जाईल बघ, मी कंत्राटी आहे. थोडे दिवस कळ काढ.”

हे त्यांनी मायेनं सांगितलं होतं. निदान स्वतःला तरी तसंच पटवलं होतं. त्यानंतर लंबू आणखी आठ वेळा आली. येऊन खाटेवर बसायची आणि आपणहूनच म्हणायची, “पडले, सिस्टर.” सिस्टर बर्फ द्यायच्या, एक बिस्किट द्यायच्या आणि लिहायच्या.

मग गेल्या सोमवारी बाथरूममध्ये लंबूनं कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि बॉसच्या दंडात खुपसलं. चार टाके पडले. या खेपेला हॉस्पिटल आलं, पोलीस आले, त्यामुळे सिस्टरना खरं लिहावं लागलं. ‘कारण: विद्यार्थिनीने कर्कटक भोसकले.’ अख्ख्या वहीत तिच्याबद्दलची तेवढी एकच नोंद खरी होती, आणि ती तिच्याच विरुद्ध होती.

शुक्रवारी सकाळी अकराला शिस्त समिती बसली. शाळेतून नाव काढायचं की महिनाभर घरी बसवून परत घ्यायचं, एवढंच ठरायचं होतं. नाव काढलं तर दुसरी सरकारी शाळा घेणार नव्हती. पोरीचं शिक्षण नववीतच संपणार होतं. सिस्टरनी बसमध्येच ठरवून टाकलं होतं की आज बोलायचं. होईल ते होईल.

लायब्ररीत टेबलं जोडून समिती बसली होती: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त शिक्षणाधिकारी, एक पालक प्रतिनिधी आणि मोठ्या बाई. समोर लंबू आणि तिचा बाप. आई नव्हतीच. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. कामावरून तसाच आलेला, नखांत ग्रीस. तो हात जोडून म्हणाला, “साहेब, माझी पोरगी मुंगीलासुद्धा बाजूला ठेवून चालते. तिला वर्षभर मारत होते. मला तिनं सोमवारी सांगितलं. आधी पडले म्हणायची.”

“सोमवारी सांगितलं,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे हे झाल्यावर. सिस्टर, वही आणलीत ना? हिच्या नोंदी वाचा.”

वाचून झाल्यावर सांगू, असं सिस्टरनी मनाशी म्हटलं. त्या वाचू लागल्या. जिन्यावरून पडली. खेळताना पडली. दार लागलं. जिन्यावरून पडली. नऊ नोंदी वाचताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. शेवटी दहावी, कर्कटकाची नोंद वाचली.

“धन्यवाद,” अध्यक्ष म्हणाले. “आणखी काही?”

हीच ती वेळ होती. सिस्टरनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाई पेनाचं टोपण लावत होत्या. सिस्टरच्या तोंडून निघालं, “नाही.”

बाप उठून टेबलाशी आला. त्यानं वही स्वतःकडे वळवली आणि बोटानं एकेक ओळ, तारीख, सही तपासली. त्याच्या कामात प्रत्येक लिफ्टची एक वही असते. दोर कधी बदलला, ब्रेक कधी तपासला, सगळं त्यात असतं. त्या वहीवर भरवसा ठेवून तो पंधराव्या मजल्यावर लिफ्टच्या पोकळीत लोंबकळत काम करायचा. वहीत खोटं लिहिणारा माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

तो लेकीकडे वळला. “इथं सगळं लिहिलंय. तारखेनिशी. मग मला सोमवारी का खोटं सांगितलंस?”

लंबूनं सिस्टरकडे पाहिलं.

“बापाशी खोटं बोललीस. चार माणसांत मला मान खाली घालायला लावलीस. खोटारडी कुठली.”

त्यानंतर कोणाला फार बोलावं लागलं नाही. नाव काढायचं ठरलं आणि कागदावर तिघांच्या सह्या झाल्या.

बाहेर व्हरांड्यात बाप सिस्टरपाशी थांबला. “सिस्टर, माफ करा. हिच्यामुळे तुम्हालाही त्रास. नऊ वेळा मलमपट्टी केलीत पोरीची, सख्खं कोणी केलं नसतं.”

सिस्टरना त्या क्षणी स्वतःची किळस आली. “ती खोटं नाही बोलली,” त्या म्हणाल्या. “तिला मारायचे. मला माहीत होतं. पडले म्हण, असं मीच तिला सांगितलं. वहीत मी खोटं लिहिलंय.”

“वहीत?” बापानं विचारलं. मग म्हणाला, “आत जा. हेच त्यांना सांगा.”

सिस्टर गेल्या. दार ढकलून थेट टेबलापर्यंत गेल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अध्यक्षांनी चष्मा काढला.

“दहा मिनिटांपूर्वी तुम्ही इथंच बसून या नोंदी वाचल्यात. प्रत्येकीखाली तुमची सही आहे. आणखी काही, असं मी विचारलं, तेव्हा नाही म्हणालात. मग खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?”

“तेव्हा.”

“हे आम्ही कशावरून मानायचं?”

सिस्टरकडे दाखवायला काहीच नव्हतं. होती ती वहीच होती.

“हळव्या आहेत आमच्या सिस्टर,” मोठ्या बाई समजूतदारपणे म्हणाल्या. “पोरीचा लळा लागलाय त्यांना.” पालक प्रतिनिधींनी घड्याळ पाहिलं. अजून दोन प्रकरणं बाकी होती.

“सगळी वही खोटी आहे,” सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला होता. “त्या जिन्यावरून कोणीही पडलेलं नाही. पट्ट्या कसल्या लावता, विचारा एकेका पोराला.”

कोणीतरी मागून त्यांची बाही ओढली. लंबू आत आली होती.

“राहू द्या, सिस्टर,” ती हळूच म्हणाली. “तुमची नोकरी जाईल.”

सिस्टर तिथंच, समितीसमोर, तोंडाला पदर लावून रडल्या. लंबूनं त्यांना खुर्चीवर बसवलं, पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि ती बाहेर गेली.

व्हरांड्यात बाप दप्तर घेऊन उभा होता. “चुकलो गं,” तो म्हणाला. “वहीत होतं म्हणून मी...” त्यानं हात पुढे केला. लंबूनं त्याच्याकडचं दप्तर तेवढं काढून घेतलं, आपल्या खांद्याला लावलं आणि ती त्याच्या पुढे चालू लागली.