पाच दिवसांची गाठ

साल त्र्याऐंशीचं. सत्याप्पाच्या जुन्या मोटारीची चारी दारं काचेजवळची कुलपाची एकच खुंटी दाबून लागली तर त्याची लेक गुणा भरमूला द्यायची, न लागली तर भरमूनं मुकाट आपलं गाव, पिरनवाडी गाठायची, असं ठरलं होतं. पत्रिका कुणी विचारलीच नाही. निपाणीत तंबाखूची वखार चालवणाऱ्या सत्याप्पाला जावई पारखायची दुसरी रीत सुचली नाही, आणि मोटारींची वायरिंग करणाऱ्या भरमूला नाही म्हणायचं सुचलं नाही.

गाडी सत्याप्पाच्याच वयाची, तशीच रुंद. भरमूनं चारी दारं आतनं उसवली आणि प्रत्येकात विजेची छोटी मोटर बसवली. ड्रायव्हरची खुंटी खाली असेतो बाकीच्या तिन्ही वर राहायच्याच नाहीत. उचलल्या तरी मोटर परत खाली ओढणार. हे त्याचं खास डोकं.

पण आधी पूजा. घरात येणाऱ्या कुठल्याही यंत्राच्या पूजेत पहिला मान सत्याप्पाच्या आईचा, गंगव्वाचा. रेडिओपासून विजेच्या मीटरपर्यंत सगळ्यांना तिनं हळकुंड बांधलं होतं. पेटत्या उदबत्त्यांचं ताट घेऊन ती ड्रायव्हरच्या जागी बसली. उदबत्त्या वाऱ्यानं विझतील म्हणून दार ओढून घेतलं. किल्ली ताटातच, कुंकू लावलेली. मग तिनं खुंटी दाबली, पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवलं आणि खुंटी खालच्या कडीशी करकचून बांधली.

खट्. चारी दारं एकदम.

"वा रं गड्या!" सत्याप्पा खूश झाला. "आव्वा, आता उघड."

"गाठ पाच दिस सोडायची न्हाय," काचेआडून आवाज आला.

"मग भाईर कशी येणार?"

गंगव्वानं जरा विचार केला. "येते की पाच दिसांनी."

आत धूर साठू लागला. भरमूनं पलीकडच्या दाराकडं बोट दाखवलं. गंगव्वानं ती खुंटी उचलली. खट्, परत खाली. पुन्हा उचलली. खट्. यंत्र अगदी बिनचूक चाललं होतं.

"उदबत्त्या तरी विझव!" सत्याप्पा ओरडला.

"पूजेतल्या विझवत्यात व्हय रं, मुडद्या?" तिला ठसका लागला.

"मग काच खाली कर!"

"मूठच न्हाय हितं!"

सत्याप्पानं भरमूकडं पाहिलं. काचा खालीवर करायच्या चारी मुठी भरमूच्या पँटच्या खिशात होत्या. दारं उसवताना काढलेल्या, परत बसवायच्या राहिलेल्या. हलला की वाजायच्या. म्हणून तो हललाच नाही.

सत्याप्पा वखारीतनं लोखंडी वजन घेऊन आला. "सर बाजूला. काच फोडतो."

"आप्पा, काच तिच्या डोळ्यांत जाईल!"

तेवढ्यात भोंगा वाजला, तो थांबेचना. गंगव्वाचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं होतं.

भरमू गाडीखाली घुसला. खिसा खणखणला, आता लपवायचं काय राहिलं होतं? बॉनेटची कडी आत, कुलपात. पण बॅटरीची जाड वायर खालनं हाताला लागत होती. वीज तुटली की दारातल्या मोटरीही मरणार. करवतीचं पातं लावलं. ठिणग्या नव्या शर्टावर उडाल्या. वर भोंगा बोंबलत होता, आणि तो बोंबलतोय तोवर डोकं स्टिअरिंगवरच आहे, एवढंच त्याला कळत होतं.

भोंगा थांबला.

वायर तुटली म्हणून, की म्हातारी घसरली म्हणून?

"आव्वा!" सत्याप्पा काच बडवत होता. "पलीकडची खुंटी! उचला, आता ऱ्हाईल!" भरमू गाडीखालनं ओरडला.

मग कट् असा बारीक आवाज. पलीकडचं दार उघडलं. आधी धूर आला, मग ताट, मग गंगव्वा.

ती पायरीवर बसली, तांब्याभर पाणी प्याली. सत्याप्पा भरमूवर धावला, "असलं कुलूप बशीवतोस व्हय रं?"

"तुला उघडलं का?" गंगव्वानं विचारलं.

"न्हाय."

"मग चोराला कसलं उघडतंय! दे पोरगी."

उंबऱ्यातल्या गुणानं हसू पदरात दाबलं. सत्याप्पानं वजन खाली ठेवलं. ड्रायव्हरचं दार पाच दिवस उघडायचं नव्हतं, म्हणून तो पलीकडनं शिरला आणि धोतर सावरत, कुथत, सरकत स्टिअरिंगपाशी पोचला.

"चल रं. भटजीकडनं तारीख काढून आणू."

वायर तोडलीय, हे सांगायचा भरमूला धीर झाला नाही. तो मुकाट मागं गेला आणि खिसा खणखणवत गाडी ढकलू लागला.